पॉट पायचं झाकण: पेपरिज फार्म घ्यावी की डुफूर?

सीफूड पॉट पायमध्ये, म्हणजे मासे-कोलंबीच्या दाट सारणावर पेस्ट्रीचं झाकण असलेल्या पदार्थात, खरं भांडण दोन वेळांचं असतं. क्रीमच्या गरम सॉसमध्ये कोलंबी तीन मिनिटांत शिजते. तिच्या वरच्या पफ पेस्ट्रीला, म्हणजे खारीसारख्या पापुद्र्यांच्या आवरणाला, मात्र वीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात. दोन्ही एकाच भांड्यात, एकाच वेळी ओव्हनमध्ये ढकललं की कुणीतरी मार खातं: कोलंबी चिवट होते, नाहीतर पेस्ट्रीची खालची बाजू कच्च्या कणकेसारखी चिकट राहते. त्यामुळे अमेरिकन सुपरमार्केटच्या फ्रीजरसमोर उभं राहून पेस्ट्री निवडताना 'चव कुणाची चांगली' हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की झाकण भांड्यावर ठेवून भाजायचं आहे की वेगळं. त्याच्या उत्तरावर डबा ठरतो.

इथे पारख दोन पफ पेस्ट्रींची आहे. एक पेपरिज फार्म, जी अमेरिकेत जवळजवळ कुठल्याही दुकानात मिळते. दुसरी न्यूयॉर्कची डुफूर, जी होल फूड्ससारख्या जरा महागड्या दुकानांत शोधावी लागते. पाय म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू इंग्लंडच्या धर्तीचा: कॉड किंवा हॅडॉक हे पांढरे मासे, कोलंबी, स्कॅलप (एका शिंपल्यातलं गोलसर पांढरं मांस), क्रीमचा पांढरा सॉस आणि फक्त वरून पेस्ट्री. खाली कवच नाही. सीफूडच्या सारणाखाली कवच घालण्याचा अट्टहास करू नये, ते कुरकुरीत राहतच नाही. (ब्रिटनमधल्या फिश पायवर कुस्करलेला बटाटा असतो. तो वेगळा पदार्थ, आणि बनवायला सोपाही.)

डब्यात काय आहे

पेपरिज फार्मचा डबा १७.३ औंसांचा, म्हणजे ४९० ग्रॅमचा. आत तीन पदरी घडी घातलेल्या दोन चादरी असतात, प्रत्येक साधारण साडेनऊ-दहा इंच लांब-रुंद. हीच कंपनी १९३७ साली मार्गारेट रडकिन यांनी कनेक्टिकटमध्ये घरच्या पावापासून सुरू केली आणि १९६१ पासून ती कॅम्पबेल या खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या मालकीची आहे. पण नावातल्या शेतावर जाऊ नका. या पेस्ट्रीत लोणी नाही, वनस्पती तेलं आहेत. आपल्याकडची बेकरीतली खारीही बहुतेक ठिकाणी लोण्याऐवजी वनस्पती किंवा मार्जरीनवरच होते, त्यामुळे चवीची कल्पना यावी: पापुद्रे भरपूर, सुगंध बेताचा, आणि गार झाल्यावर टाळूला किंचित मेणचट थर.

डुफूरचा डबा १४ औंसांचा, म्हणजे जवळपास ४०० ग्रॅमचा. आत एकच मोठी चादर, आणि स्निग्ध पदार्थ म्हणून निव्वळ लोणी. वजनाच्या हिशोबाने ती पेपरिजच्या दुपटीहून महाग पडते. भाजताना घरभर लोण्याचा वास सुटतो आणि पापुद्रे तोंडात टाकताच विरतात. चवीपुरती तुलना केली तर ती एका वाक्यात संपते: डुफूर कितीतरी वरची आहे.

पण पाय केवळ चवीवर उभा राहत नाही. पफ पेस्ट्री फुगते ती थरांमधल्या पाण्याची वाफ होऊन. ती वाफ थर वर उचलत असताना मधलं स्निग्ध घट्ट असायला हवं, म्हणजे एक थर दुसऱ्याला चिकटत नाही. लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळून जातं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. बेकरीसाठी बनवलेली वनस्पतीजन्य स्निग्धं त्याहून वरच्या तापमानापर्यंत टिकतात. म्हणून उन्हाळ्यातल्या स्वयंपाकघरात, किंवा सारण पुरतं गार झालेलं नसताना, पेपरिज निभावून नेते. डुफूर अशा वेळी ओव्हनमध्ये जायच्या आधीच लोणी सोडायला लागते. मग भाजून निघतं ते तेलकट, बसकं, गडद तपकिरी झाकण. महागाची पेस्ट्री फुकट घालवायचा हा सर्वांत सोपा मार्ग.

तेव्हा निकाल असा: झाकण सारणावर ठेवून भाजायचं असेल तर पेपरिज. वेगळं भाजून वरून ठेवायचं असेल तर डुफूर, आणि पैसे वसूल. माझ्या मते सीफूडसाठी दुसरी पद्धतच बरोबर. चिकन पॉट पायमध्ये मांस आधीच शिजलेलं असतं आणि अर्धा तास जास्त तापलं तरी फारसं बिघडत नाही. कोलंबी आणि स्कॅलपला ती सवलत नाही.

सारण: प्रमाण आणि दाटपणा

८ इंची चौकोनी, दोन क्वार्टचं, म्हणजे साधारण १.९ लिटरचं भांडं धरा. चार जणांना पोटभर होतं. हा आकार मुद्दाम निवडला आहे. पेपरिजची चादर न लाटता त्यावर बसते आणि चहूबाजूंनी पाऊण-एक इंच बाहेर राहते. ९ इंची गोल पाय-डिशसाठी ती लाटावी लागते, आणि जास्त लाटली की थर मरतात.

मासे मिळून ६०० ग्रॅम: कॉड किंवा हॅडॉक २५० ग्रॅम, सोललेली कोलंबी २०० ग्रॅम, स्कॅलप १५० ग्रॅम. भाज्या: एक मध्यम कांदा, सेलरीचे दोन दांडे, एक लहान गाजर, एक मध्यम बटाटा आणि मूठभर मटार. सॉससाठी ५० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, ४५ ग्रॅम मैदा, क्लॅम ज्यूसची, म्हणजे शिंपल्यांच्या खारट पाण्याची, ८ औंसांची एक बाटली, २४० मिलिलिटर दूध आणि १०० मिलिलिटर हेवी क्रीम.

मैदा वाचताना जास्त वाटेल. नेहमीच्या व्हाइट सॉसपेक्षा हे प्रमाण दाट आहेच, आणि ते तसंच ठेवायचं. सहाशे ग्रॅम मासे शिजताना सहज अर्धा कप पाणी सोडतात, आणि ते पाणी सॉसमध्येच जातं. मासे घालण्याआधी सॉस 'अगदी हवा तसा' दिसत असेल तर ताटात तो सूप होऊन येणार. मासे घालण्यापूर्वी त्याचा दाटपणा सैलसर पिठल्याइतका हवा: पातेल्याच्या तळावरून डाव ओढला की रेघ दोनेक सेकंद उघडी राहिली पाहिजे.

बटाट्याच्या दीड सेंटिमीटरच्या फोडी मिठाच्या पाण्यात वेगळ्या उकडून घ्या, सहा-सात मिनिटं पुरतात. फोड सुरीने टोचता आली पाहिजे, पण मोडता कामा नये. बटाटा सॉसमध्येच शिजवू म्हणाल तर तो शिजेपर्यंत सॉस तळाला लागतो. लोण्यावर कांदा, सेलरी आणि गाजर मंद आचेवर सहा-सात मिनिटं परता. कांदा लाल होऊ देऊ नका, हा सॉस फिकाच राहायला हवा. मैदा घालून दोन मिनिटं परतलं की कच्चा वास जातो. मग क्लॅम ज्यूस तीन हप्त्यांत घाला आणि प्रत्येक वेळी गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा. एकदम ओतला तर मैद्याचे गोळे होतात आणि ते नंतर मोडत नाहीत. दूध घातल्यावर मंद उकळीवर पाच मिनिटं ठेवा. क्रीम शेवटी.

क्रीमच्या बाबतीत अमेरिकेत गोंधळायचं कारण नाही. हेवी क्रीममध्ये नियमाने किमान ३६ टक्के स्निग्धांश असतो आणि ते उकळीला फुटत नाही. हाफ-अँड-हाफमध्ये, म्हणजे दूध आणि क्रीमच्या मिश्रणात, तो १०.५ ते १८ टक्क्यांच्या दरम्यान असतो. मैद्याच्या आधाराने ते टिकतं खरं, पण लिंबू किंवा वाइन पडली आणि वर उकळी आली की दाणेदार होतं. लिंबाचा रस हवाच असेल तर आच बंद केल्यावर एक चमचा. सॉसमध्ये लिंबाची किसलेली साल घालणं त्याहून सुरक्षित.

मिठाचा अंदाज सगळ्यांत जास्त चुकतो, आणि तो नेहमी एकाच बाजूला चुकतो. क्लॅम ज्यूस खारट, ओल्ड बे मसाला खारट, आणि वर खारं लोणी वापरलं तर बघायलाच नको. ओल्ड बे ही बाल्टिमोरची चीज. गुस्ताव ब्रुन या जर्मनीतून आलेल्या ज्यू निर्वासिताने १९३९ मध्ये ती बनवली. त्यात सेलरी सॉल्ट, पॅप्रिका, तांबडी आणि काळी मिरी यांचा जोर आहे. इतक्या सारणाला पाऊण चहाचा चमचा बस. डिजॉं मोहरी (मोहरीची तयार फ्रेंच पेस्ट) एक चहाचा चमचा, काळी मिरी, थोडी बारीक चिरलेली पार्सली. मीठ मासे शिजल्यावर चाखून घाला, त्याआधी चिमूटभरही नको.

मासे विकत घेताना

पायच्या यशाचा अर्धा भाग इथे ठरतो, आणि तो पाकिटावरच्या बारीक अक्षरांत असतो.

स्कॅलप घेताना 'ड्राय' असं लिहिलेलेच घ्या. बाकीचे बऱ्याचदा सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटच्या पाण्यात बुडवलेले असतात. ते पाणी धरून फुगतात, वजन वाढवतात आणि शिजताना सगळं पाणी सॉसमध्ये ओकतात. वर साबणासारखी चव मागे ठेवतात. नुसत्या डोळ्यांनीही फरक कळतो. सगळे एकसारखे पांढरेशुभ्र, चमकदार आणि दुधाळ पाण्यात बसलेले दिसले तर ते भिजवलेले. ड्राय स्कॅलप हस्तिदंती, कुठे किंचित गुलाबी, आणि स्पर्शाला चिकट असतात. छोटे बे स्कॅलप तसेच घाला. मोठे सी स्कॅलप आडवे अर्धे करा आणि बाजूचा चिवट लहानसा स्नायू ओढून काढा.

कोलंबीच्या पाकिटावरचे ३१/४० किंवा २१/२५ हे आकडे एका पौंडात किती नग बसतात ते सांगतात. पायला ३१/४० योग्य. ५१/६० दोन मिनिटांत चिवट होतात, आणि १६/२० चमच्यात मावत नाहीत. पाकिटावर घटकांची यादी असते. तिथे 'कोलंबी, मीठ' एवढंच असेल ते पाकीट उचला. फॉस्फेट इथेही असतं, आणि त्याने कोलंबी शिजल्यावरही काचेसारखी, दातांखाली करकरीत लागते. शिजवलेली गुलाबी कोलंबी या पदार्थात कधीच नको. ती दुसऱ्यांदा शिजते, आणि ते लगेच कळतं.

तीच गोष्ट 'सीफूड मेडली' नावाच्या मिश्र पाकिटांची. माकुळाची वर्तुळं, मसल नावाच्या शिंपल्या, लहान कोलंबी असं बहुतेक वेळा अर्धवट किंवा पूर्ण शिजवून गोठवलेलं मिश्रण. स्वस्त दिसतं, पण त्यातल्या प्रत्येकाची शिजायची वेळ वेगळी. ते घ्यायचंच असेल तर सॉस दाट करून, आच बंद करून, फक्त गरम होण्यापुरतं आत सोडायचं. पायसाठी मी शिफारस करणार नाही.

गोठवलेले मासे आदल्या रात्री फ्रिजमध्ये, चाळणीत ठेवून, खाली भांडं ठेवून, बर्फ सुटून सैल होऊ द्या. हवाबंद पाकिटातला मासा असेल तर पाकीट आधी कापा. ऑक्सिजन नसलेल्या पाकिटात मासा हळूहळू सैल होताना बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जंतू वाढू शकतो, आणि ही सूचना बऱ्याच पाकिटांवर छापलेलीही असते. नंतर कागदी टॉवेलने प्रत्येक तुकडा टिपून कोरडा करा. कंटाळवाणं काम आहे, पण सॉस पातळ होण्याची निम्मी कारणं इथेच मिटतात. कॉडचे तुकडे चार सेंटिमीटरचे ठेवा. लहान केले तर ढवळताना भुगा होतो.

झाकण वेगळं भाजताना

डुफूर फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवून सैल करा, ओट्यावर नको. ती उलगडता यावी पण हाताला गारच लागावी. पिठाचा हलका हात मारून चादर सरळ करा आणि भांड्याच्या आतल्या मापापेक्षा सेंटिमीटरभर मोठी कापा, कारण भाजताना ती आक्रसते. कापताना धारदार सुरी वरून खाली दाबायची, ओढायची नाही. ओढली तर कडेचे थर एकमेकांत चेपले जातात आणि ती बाजू फुगत नाही.

अखंड झाकण फोटोत देखणं दिसतं, पण वाढताना त्याचा चुरा होतो आणि एकाच्या ताटात डोंगर, दुसऱ्याच्या ताटात कोरडा सॉस अशी वेळ येते. त्यापेक्षा चादर सहा आयतांत कापा आणि प्रत्येकाच्या ताटातल्या सारणावर एक-एक ठेवा. पेपरिज वापरत असाल तर घडीच्या दोन रेघांवरच कापा: तीन पट्ट्या, प्रत्येकीचे दोन तुकडे. तसंही त्या रेघा कमकुवतच असतात.

एक अंडं आणि एक मोठा चमचा पाणी फेटून फक्त वरच्या पृष्ठभागावर लावा. अंड्याचा ओघळ कापलेल्या कडेवरून खाली गेला की तो थरांना चिकटवतो, आणि पेस्ट्री एका बाजूने उचलली जाऊन तिरकी होते. अंडं लावून ट्रे पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. तोवर ओव्हन ४०० अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २०० सेल्सियसला, नीट तापलेला हवा. वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. लोण्याची पेस्ट्री लवकर रंग धरते, म्हणून अठराव्या मिनिटाला डोकावा. पण रंगावर भुलून बाहेर काढू नका. एक तुकडा उचलून तळ बघा: तो फिकट असेल आणि हाताला जड लागत असेल तर आत ओलावा आहे. बाहेर काढताच तो तुकडा खाली बसेल. अशा वेळी तापमान ३५० फॅरनहाइटला उतरवून आणखी पाच-सहा मिनिटं द्या.

ट्रेवर लोण्याचं तळं दिसलं तर पेस्ट्री आत जाताना पुरेशी गार नव्हती, किंवा ओव्हन थंड होता. उपाय पुढच्या वेळेलाच, त्या वेळी काही करता येत नाही.

पेस्ट्री ओव्हनमध्ये गेली की सॉस मंद आचेवर पुन्हा गरम करा. तिची शेवटची सात-आठ मिनिटं उरली की आधी कॉड घाला, तीन मिनिटांनी स्कॅलप आणि कोलंबी, बटाटा आणि मटार त्यांच्याबरोबरच. झाकण ठेवून मंद आचेवर आणखी तीन मिनिटं. उकळी फुटू द्यायची नाही, कडेला बुडबुडे आले की पुरे. अमेरिकेच्या अन्न प्रशासनाने माशांसाठी आतलं तापमान १४५ फॅरनहाइट, म्हणजे ६३ सेल्सियस सांगितलं आहे. टोचायचा थर्मामीटर असेल तर कॉडच्या जाड तुकड्यात बघा. कोलंबीचा आकार सैल वाकलेला असला की झाली. तिने घट्ट वेटोळं केलं तर उशीर झाला.

यात गमावतो ते एकच: भांड्याच्या काठाला चिकटलेली, सॉसने भिजलेली ती मऊ-कुरकुरीत कड. काहींना पायमध्ये नेमकी तीच हवी असते. त्यांच्यासाठी पुढची पद्धत.

भांड्यावर भाजताना

इथे पेपरिज. डब्यावरच्या सूचनेप्रमाणे खोलीच्या तापमानाला साधारण ४० मिनिटं. घाईने उलगडली तर घडीवर चिरते. चीर पडली तर बोट ओलं करून दाबा आणि जोडा, भाजल्यावर दिसत नाही. पण तासाहून जास्त बाहेर राहिली तर ती लिबलिबीत होऊन कागदाला चिकटते, तेव्हा पुन्हा दहा मिनिटं फ्रिजमध्ये.

सॉस आधी पूर्ण गार करायचा, कोमट नाही. पसरट ट्रेमध्ये ओतून वर प्लॅस्टिक चिकटवून फ्रिजमध्ये ठेवला की तासाभरात होतो. पातेल्यातच ठेवला तर मध्यभाग तासनतास कोमट राहतो, आणि त्यात कच्चे मासे मिसळणं धोक्याचं. गार सॉसमध्ये कच्चे, टिपलेले मासे आणि बटाटा-मटार मिसळा. भांड्याच्या काठापासून सेंटिमीटरभर खालीच भरा. काठोकाठ भरलं तर सॉस उकळून झाकणाखालून बाहेर येतो आणि ओव्हनच्या तळावर जळतो. तसंही भांड्याखाली एक ट्रे असू द्या.

काठाला अंडं लावून चादर ठेवा, ताणू नका, सैल टाका. ताणलेली पेस्ट्री भाजताना आक्रसते आणि काठ सोडून सॉसमध्ये घसरते. काटा-चमच्याने काठावर दाबून बसवा. मध्ये दोन-दोन सेंटिमीटरच्या चार चिरा द्या. वाफेला वाट नसेल तर तिचं पेस्ट्रीच्या तळालाच पाणी होतं आणि तळ चिकट राहतो. ४२५ फॅरनहाइटला वीस मिनिटं, मग ३७५ ला वीस-पंचवीस. वरून फार तांबूस झालं तर फॉइल सैल टाका. चिरेतून थर्मामीटर मध्यभागी घाला, ६३ सेल्सियस आलं की बाहेर. दहा मिनिटं तसंच राहू द्या, सॉस बसतो.

या पद्धतीत मासे थंड सॉसमधून हळूहळू तापतात, म्हणून कोलंबी वाटते तेवढी बिघडत नाही. पण मध्यभाग तयार होईपर्यंत कडेचे स्कॅलप जास्त शिजतातच. त्यावर तोडगा: स्कॅलप मध्यभागी, कॉड कडेने. पेस्ट्रीचा तळ तरीही पूर्ण कोरडा होत नाही, आणि ज्यांना तो हवा त्यांनी या पद्धतीच्या वाटेला जाऊ नये.

भांड्याबद्दल एक गंभीर सूचना. फ्रिजमधून काढलेलं गार काचेचं भांडं थेट ४२५ च्या ओव्हनमध्ये घालू नका. अमेरिकेत विकलं जाणारं पायरेक्स सोडा-लाइम काचेचं असतं, आणि अचानक तापमान बदललं तर ते फुटू शकतं. कंपनीच्या सूचनांतही अशा झटक्यापासून जपायला सांगितलेलं असतं. इथे धातूचं किंवा ओव्हनमध्ये चालणारं सिरॅमिक भांडं वापरा, आणि सारण भांड्यात न ठेवता वेगळं गार करा.

मुंबई-पुण्यात आणि ब्रिटनमध्ये

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना जस-रोल या कंपनीच्या लाटलेल्या पफ पेस्ट्रीची ३२० ग्रॅमची गुंडाळी सहज मिळते. साधी तेलाची आणि लोण्याची, अशा दोन्ही. वरचाच न्याय तिथेही लागू: भांड्यावर साधी, वेगळी भाजायला लोण्याची.

महाराष्ट्रात बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत गोठवलेल्या पफ पेस्ट्रीच्या चादरी मिळतात. त्यांच्या लेबलवर मार्जरीन किंवा वनस्पती लिहिलं असेल तर वरच्या न्यायाने त्या भांड्यावर चालायला हव्यात. तरीही इथे वेगळं भाजणंच बरं. लहान ओटीजीत वरची सळई भांड्याच्या झाकणापासून जेमतेम हातभर नव्हे, वीतभरही लांब नसते, आणि सारण तापायच्या आत पेस्ट्री काळी होते. वेगळी भाजतानाही ट्रे खालच्या खणात, दोन्ही सळया चालू, २०० अंश.

कॉडऐवजी रावस किंवा घोळ उत्तम. सुरमई चालते, पण लवकर कोरडी पडते. बांगडा आणि तारली नकोत, त्यांच्या तेलाची चव क्रीमवर चढते. स्कॅलप शोधत बसू नका, कोलंबी आणि माशाचं प्रमाण वाढवा. क्लॅम ज्यूसची बाटली इथे मिळणं अवघड, पण तिची गरजही नाही: शिवल्या किंवा तिसऱ्या अर्धा कप पाण्यात झाकून उकडा, तोंडं उघडली की सुटलेलं पाणी फडक्यातून दोनदा गाळा. बाटलीतल्या ज्यूसपेक्षा ते सरस असतं. वाळू नीट गाळली नाही तर मात्र सगळा पाय गेला. शिवल्यांचं मांस शेवटच्या मिनिटाला सारणातच घाला. शिवल्या नसतील तर कोलंबीची डोकी आणि साली लोण्यावर परतून वीस मिनिटं उकळलेलं पाणी.

अमूल फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्के असतो. हेवी क्रीमइतका तो तग धरत नाही, म्हणून आच बंद करून घाला आणि दूध फुल क्रीम घ्या. अमूल बटर खारं आहे, तेव्हा बाकी मीठ अगदी शेवटी, आणि बहुधा लागणारच नाही.

उरलेलं

उरलेलं सारण दुसऱ्या दिवशीपर्यंत ठीक राहतं. मंद आचेवर दोन चमचे दूध घालून गरम करायचं, मायक्रोवेव्हमध्ये कोलंबी फटकन चिवट होते. पेस्ट्री वेगळी भाजली असेल तर ती ओव्हनमध्ये ३५० फॅरनहाइटला पाच मिनिटांत पुन्हा कुरकुरीत होते. भांड्यावर भाजलेली पुन्हा तशी होत नाही. पेपरिजच्या डब्यातली दुसरी चादर सैल केली नसेल तर तशीच गुंडाळून फ्रीजरमध्ये परत जाऊ द्या. सैल केलेली पुन्हा गोठवली तर थर चिकटतात. कापून उरलेले तुकडे गोळा करून मळू नका. एकावर एक रचून हलकेच लाटा, जिरं आणि जाडं मीठ भुरभुरा, ४०० ला बारा-पंधरा मिनिटं. चहाबरोबर संपतात.